नकाराचीही एक रीत असते

गेल्या दिवाळीनंतर एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षे तो प्रस्तुत लेखकाच्या गणिताच्या वर्गात होता. पुढे सोलापुरात राहून त्याने यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. वडील बार्शीच्या एका पतसंस्थेत लिपिक. मुलगा सोलापुरातल्या एका लहानशा कारखान्यात तीन वर्षे मालाच्या गोदामाचा हिशेब पाहत होता. पगार बेताचा, परंतु महिन्याच्या महिन्याला हाती पडणारा. ही नोकरी त्याने सोडली होती आणि दुसरी मिळाली नव्हती. एवढेच असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. नोकऱ्या सुटतात, मिळतात, मिळतही नाहीत. परंतु पहिली त्याने कशी सोडली आणि दुसरी कशी मिळाली नाही, ही हकीकत ऐकल्यावर हा एका मुलाच्या नशिबाचा प्रश्न उरत नाही. आपल्याकडील मोठ्या उद्योगांत रूढ होत चाललेल्या एका रीतीचा तो प्रश्न आहे. म्हणून ती हकीकत थोडी विस्ताराने सांगावयास हवी.

पाच फेऱ्या

मे महिन्यात त्याने पुण्याजवळच्या एका मोठ्या कंपनीची जाहिरात पाहिली. उमेदवाराच्या अंगी कोणकोणते गुण असावेत याची लांबलचक यादी तीत होती. पगाराचा आकडा मात्र नव्हता. अर्जासोबत स्वतःची माहिती जोडायची, आणि जोडून झाल्यावर तीच माहिती पुन्हा एकेका चौकटीत भरायची, असा तो दीड तासाचा अर्ज होता. तो पाठविल्यानंतर चारच मिनिटांत पोच आली. कंपनी किती तत्पर आहे, असे त्याला त्या वेळी वाटले.

पहिली फेरी लेखी परीक्षेची. ती घरी बसून, संगणकासमोर, कॅमेरा चालू ठेवून द्यायची होती. दुसरी फेरी मुलाखतीची, परंतु मुलाखत घेणारे कोणीच नव्हते. पडद्यावर प्रश्न उमटे, तीस सेकंद विचारासाठी, दोन मिनिटे उत्तरासाठी, आणि समोर स्वतःचाच चेहरा. आवाज नीट टिपला जावा म्हणून त्याने ऐन मे महिन्यात पंखा बंद ठेवला होता. आपले उत्तर कोणी माणसाने ऐकले की नाही, हे त्याला आजही ठाऊक नाही. तिसऱ्या फेरीसाठी त्याला प्रत्यक्ष बोलावण्यात आले. बिनपगारी रजा घेऊन तो पहाटेच्या एस. टी.ने पुण्यास गेला. दहाची वेळ दिलेली होती, बोलावणे साडेतीन वाजता आले. तरीही त्या दिवसाबद्दल त्याची तक्रार नाही. दोन अधिकारी होते, दोघांनाही काम कळत होते, प्रश्न खोलात जाऊन विचारलेले होते. माणसांनी घेतलेली ती एकच मुलाखत त्याच्या स्मरणात चांगली म्हणून राहिली आहे.

चौथ्या फेरीत त्याला घरी करावयाचे काम दिले. कंपनीच्या एका गोदामातील मालाची नोंद आणि हालचाल अधिक सुटसुटीत कशी करता येईल, याचा आराखडा आठवडाभरात करून द्यावयाचा होता. चार रात्री जागून त्याने तो केला. त्यात त्याच्या तीन वर्षांच्या अनुभवाचे सार होते. पाचवी फेरी मनुष्यबळ विभागाची. तेथे त्याच्याकडून मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या घेतल्या. घरी कोण काय करते, वडील कोठे आहेत, असे विचारले. आणि शेवटी सांगितले की, तुमची निवड झाल्यासारखीच आहे, पत्र आठवड्याभरात येईल, पण माणूस आम्हाला तीस दिवसांत हवा, तेव्हा तुम्ही किती लवकर मोकळे होऊ शकाल? दोन दिवसांनी दूरध्वनीवर पुन्हा तोच प्रश्न आला: राजीनामा दिलात का?

त्याने राजीनामा दिला. वडिलांनी पतसंस्थेत पेढे वाटले.

पत्र आठवड्याभरात आले नाही. पंधरा दिवसांतही आले नाही. त्याने लिहिले, पुन्हा लिहिले. दूरध्वनीवर प्रथम ‘साहेब बैठकीत आहेत’ असे उत्तर मिळे, नंतर तेही मिळेनासे झाले. राजीनाम्याची मुदत संपत आली तेव्हा तो जुन्या मालकाकडे गेला. मालक भला गृहस्थ, पण त्याने तोवर दुसरा माणूस नेमला होता. अखेर अकरा आठवड्यांनी एक संदेश आला. ‘प्रिय उमेदवार’ असे संबोधन; अंतर्गत फेररचनेमुळे सदर पद तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा, आणि तळाशी, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. त्यानंतर आठच दिवसांनी तीच जाहिरात, त्याच शब्दांत, पुन्हा झळकली.

हे सारे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “सर, त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी काहीच म्हटलं नाही.”

उत्तराला पैसे किती पडतात?

या वाक्यातला फरक महत्त्वाचा आहे. नोकरी न मिळणे हा अन्याय नव्हे. एका जागेसाठी शंभर अर्ज आले तर नव्याण्णव जणांना नकार मिळणारच; त्यांतले काही निवड झालेल्यापेक्षा कमी नसतील, क्वचित अधिकही असतील. निवड ही शेवटी माणसांनी केलेली गोष्ट आहे आणि तीत चूक होण्याचा धोका गृहीत धरलाच पाहिजे. खाजगी मालकाने कोणाला नेमावे हे त्याचे स्वातंत्र्य आहे, आणि ते हिरावून घ्यावे असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु नेमण्याच्या स्वातंत्र्यात ताटकळत ठेवण्याचे, आश्वासन देऊन विसरण्याचे आणि फुकट काम करवून घेण्याचे स्वातंत्र्यही येते काय, हा वेगळा प्रश्न आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, एकेका जाहिरातीला हजारोंनी अर्ज येतात. प्रत्येकाला उत्तर देत बसलो तर दुसरे काम होणार नाही. शिवाय उमेदवार तरी कोठे शब्दाला जागतात? एका कंपनीचे पत्र खिशात घालून दुसरीशी घासाघीस करतात, तिसरीकडे रुजू होतात, आणि पहिलीला कळवीतही नाहीत. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. असे उमेदवार आहेत, आणि त्यांचे वागणे समर्थनीय नाही. परंतु दोन्ही पारड्यांत सारखे वजन पडत नाही. उमेदवार आला नाही तर कंपनीची एक जागा महिनाभर रिकामी राहते; कंपनीने शब्द फिरविला तर उमेदवाराच्या घरातली चूल अडचणीत येते.

राहिला प्रश्न उत्तर देण्याच्या खर्चाचा. हजारो अर्जदारांपैकी प्रत्यक्ष मुलाखतीपर्यंत पोहोचणारे मोजकेच असतात. त्यांना दोन ओळी लिहिण्यास किती श्रम पडतात? ज्या यंत्रणेने अर्जाची पोच चार मिनिटांत दिली, पगाराच्या पावत्या न जोडल्याबद्दल एका रात्रीत तीन वेळा आठवण केली, त्याच यंत्रणेला नकार कळविता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. उत्तर मिळत नाही ते उत्तराला खर्च येतो म्हणून नव्हे. उत्तर दिले की दार बंद होते, आणि दार किलकिले ठेवणे कंपनीच्या सोयीचे असते. पसंत पडलेला पहिला उमेदवार आला नाही तर दुसरा हाताशी असावा, वरून मंजुरी आली तर माणूस तयार असावा, न आली तर कोणाचे काही देणे नसावे, असा हा हिशेब आहे. दुसऱ्याचा काळ फुकट वापरण्याचा हा प्रकार आहे.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेव्हाही वशिला होता, ‘ओळखीचे कोणी आहे का’ हा प्रश्न अर्जापूर्वीच विचारला जाई, आणि सेवायोजन कार्यालयातील नोंदणीपत्राचे नूतनीकरण करता करता अनेकांची उमेद संपली. तथापि खेद व्यक्त करणारे दोन ओळींचे टंकलिखित पत्र पाठविण्याची पद्धत अनेक आस्थापनांत होती. ते पत्र उघडताना मन खट्टू होई. पण ते वाचून झाल्यावर माणूस दुसऱ्या अर्जाला लागे. नकाराचा हा उपयोग असतो. तो माणसाला मोकळे करतो.

नियुक्तीच्या अलीकडे

एकट्या मुलाची ही गोष्ट आहे असे कोणास वाटेल, तर गेल्या काही वर्षांतील उघड झालेल्या घटना आठवून पाहाव्यात. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रो कंपनीने, वार्षिक साडेसहा लाख रुपयांचे पत्र हाती असलेल्या नवपदवीधरांपुढे साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय ठेवला, तेव्हा देशभर चर्चा झाली. इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेल्या सुमारे २ हजार तरुणांची रुजू होण्याची तारीख लांबत गेली आणि २०२४ मध्ये पुण्यातील ‘नाईट्स’ या माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. दिलेली सर्व पत्रे आपण पाळू, असे कंपनीने सांगितले आणि पुढे त्यांतील अनेकांना रुजू करूनही घेतले. पण मधल्या दोन वर्षांचे काय? या तरुणांजवळ निदान पत्र होते, आणि त्यांची संख्या मोठी असल्याने त्यांचा आवाज ऐकू गेला. ज्याच्याजवळ केवळ तोंडी आश्वासन आहे आणि जो एकटा आहे, त्याने कोठे जावे?

कायद्याकडे जावे म्हटले तर तो दाराशीच थांबलेला दिसतो. १८७२ चा भारतीय करार अधिनियम सांगतो की, प्रस्ताव ठेवणारा समोरच्याची स्वीकृती पुरती होण्यापूर्वी तो मागे घेऊ शकतो. आणि येथे तर लेखी प्रस्तावच नाही. पत्र हाती पडल्यानंतर ते मागे घेतले गेले तरी, वैयक्तिक सेवेच्या कराराची अंमलबजावणी न्यायालयाकडून सक्तीने करवून घेता येत नाही, हे तत्त्व १८७७ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमापासून आपल्या कायद्यात रुळलेले आहे. नुकसानभरपाई मागता येते. परंतु बेकार मुलाने बलाढ्य कंपनीवर दिवाणी दावा लावावा, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत वकिलाची फी भरत राहावे, ही कल्पना कागदावरच शोभते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता अमलात आल्या. त्यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले, ही निश्चितच स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र ते संरक्षण नियुक्तीपासून सुरू होते. नियुक्तीच्या अलीकडच्या तीरावर जे महिनोन् महिने उभे आहेत, ते कायद्याच्या लेखी अद्याप कोणीच नाहीत.

सरकारी भरतीशी तुलना केली म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होतो. सरकारी भरतीचे दोष कोणाला सांगावयास नकोत. फुटलेल्या प्रश्नपत्रिका, लांबलेल्या परीक्षा, अडकलेले निकाल यांनी एका पिढीची उमेदीची वर्षे खाल्ली आहेत. तरीही तेथे उमेदवाराला बैठक क्रमांक असतो, गुणवत्ता यादी असते, प्रतीक्षा यादी असते. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली आहे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकार २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय खटल्यात माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला. त्याआधी १९९१ मध्ये शंकरसन दाश खटल्यात न्यायालयाच्या घटनापीठाने एक फार समतोल निर्णय दिला होता. निवड यादीत नाव आले म्हणून उमेदवाराला नेमणुकीचा अबाधित हक्क मिळत नाही, असे न्यायालय म्हणाले. पण त्याच श्वासात असेही म्हणाले की, याचा अर्थ शासनाने मनमानी करावी असा होत नाही. पदे न भरण्याचा निर्णय योग्य कारणांसाठी, प्रामाणिकपणे घेतलेला असला पाहिजे.

नोकरीचा हक्क नाही, परंतु न्याय्य वागणुकीचा आहे. हा विवेक शासनाला लागू पडतो, तर हजारो माणसे कामाला ठेवणाऱ्या, सरकारकडून जमीन आणि सवलती घेणाऱ्या कंपनीला त्याचा थोडासा अंश तरी का लागू पडू नये? संविधानातील ती हमी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे खरे. मात्र सभ्यतेसाठी संविधानाचे कलमच लागते, असे थोडेच आहे!

‘घरी कोण काय करते?’

मौनाचा दुसरा दुष्परिणाम याहून गंभीर आहे. कारण सांगावे लागत नसले की कारण कोणतेही असू शकते. त्या मुलाला पाचव्या फेरीत विचारलेला घरगुती प्रश्न वरवर आपुलकीचा वाटतो. तथापि २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, ते या संदर्भात आठवावेत असे आहेत. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक होता तो केवळ अर्जदाराच्या नावाचा. उच्चवर्णीय हिंदू वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. दुसऱ्या अभ्यासात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखविले की, जात आपण पाहतच नाही, केवळ गुणवत्ता पाहतो, असे सांगणारे अधिकारीच ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ला मात्र फार महत्त्व देतात. वडील शिकलेले आहेत का, घर शहरात आहे का, घरातले वळण कसे आहे, हे सारे त्यात आले.

पतसंस्थेतल्या लिपिकाचा मुलगा त्या प्रश्नामुळे मागे पडला, असे म्हणण्यास कसलाही पुरावा नाही आणि तसे सुचविणे योग्यही होणार नाही. पण मुद्दा नेमका तोच आहे. पुरावा असूच नये अशी ही रचना आहे. तो मुलगा रात्री अंथरुणावर पडून आपल्या उत्तरांतल्या चुका शोधतो. इंग्रजी अडखळले का, सदरा इस्त्रीचा नव्हता का, वडिलांचे पद सांगताना आवाज खाली गेला का, असे स्वतःलाच विचारतो. खरे कारण कदाचित यांपैकी एकही नसेल. वरच्या कार्यालयात कोणी आकडा बदलला असेल, एवढेच. ते न कळल्यामुळे त्याने स्वतःला अपराधी मानावे, हा या व्यवहारातील सर्वांत क्रूर भाग होय.

यंत्राने निवड केली म्हणजे पक्षपात टळतो, असा एक समज अलीकडे पसरविला जातो. ॲमेझॉन या अमेरिकी कंपनीने अर्ज छाननीसाठी अशीच एक संगणक प्रणाली २०१४ पासून तयार करण्यास घेतली होती. आधीच्या दहा वर्षांतील अर्ज तिला शिकविण्यात आले, आणि ते बहुतांशी पुरुषांचे असल्याने यंत्र स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखू लागले. कंपनीने ती प्रणाली अखेर गुंडाळली, असे वृत्त ‘रॉयटर्स’ने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिले. यंत्र आपल्या मालकाच्या सवयी शिकते, आणि शिकलेल्या सवयींना गणिताचा मुलामा देते. तेथे निदान चूक शोधली गेली, कारण शोधणारे आत बसलेले होते. बाहेर बसलेल्या उमेदवाराला ती शोधण्याचा मार्गच नाही.

काय करता येईल?

यावर उपाय नाही असे समजण्याचे कारण नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून, पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांवर काही साधी बंधने घातली आहेत. सार्वजनिक जाहिरातीत पगाराची मर्यादा सांगावी. जागा प्रत्यक्ष रिकामी आहे की नाही ते सांगावे. छाननीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होत असेल तर तेही सांगावे. आणि ज्यांची मुलाखत घेतली त्यांना, निर्णय झाला आहे किंवा नाही, हे पंचेचाळीस दिवसांच्या आत कळवावे. यात मालकाच्या निवडीच्या स्वातंत्र्यावर कोठेही गदा आलेली नाही. त्याने कोणाला नेमावे हे कायदा सांगत नाही. नेमले नाही तर तसे सांगावे, एवढेच म्हणतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेल्या वेतन-पारदर्शकतेच्या निर्देशाने आणखी एक पाऊल टाकले आहे: उमेदवाराला त्याचा पूर्वीचा पगार विचारू नये. स्वतःचा आकडा झाकून दुसऱ्याच्या पावत्या मागणे हा बरोबरीचा सौदा नव्हे, हे त्यामागील तत्त्व आहे.

हे सारे परदेशी आहे, आपल्याकडे चालणार नाही, असे कोणी म्हणेल. त्यास स्मरण करून द्यावेसे वाटते की, रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयांस कळविण्याची सक्ती करणारा कायदा आपण १९५९ मध्येच केला होता आणि तो पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांनाही लागू होता. नेमणूक त्या कार्यालयामार्फतच केली पाहिजे अशी अट त्यात नव्हती. फक्त कळवावे, एवढेच बंधन होते. त्या कायद्याची अंमलबजावणी पुढे ढिली पडली आणि आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. परंतु जागा कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व या देशाने साठ वर्षांपूर्वीच मान्य केले होते. जागा कळविण्याच्या कर्तव्याला निकाल कळविण्याचे कर्तव्य जोडणे, ही त्याच वाटेवरील पुढची पायरी आहे. संहितांखालील नियमांत राज्य शासनाला ती कितपत घालता येईल, हे कायदेपंडितांनी पाहावे; आणि नियमांत बसत नसेल तर विधिमंडळाने तसा स्वतंत्र विचार करावा.

त्यात फार काही घालावयाचे नाही. मुलाखत झालेल्या प्रत्येकाला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर. जाहिरातीत पगार. घरी करावयास दिलेल्या कामाला मोबदला, किंवा निवड न झाल्यास ते काम न वापरण्याची लेखी हमी. यंत्राने केलेल्या निवडीवर माणसाकडे दाद मागण्याची सोय. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लेखी पत्र दिल्याखेरीज कोणालाही राजीनामा देण्यास सांगू नये. दिलेले पत्र मागे घेतल्यास ठरावीक महिन्यांचे वेतन भरपाई म्हणून द्यावे. चांगल्या कंपन्यांना यातले काहीच जड जाऊ नये. आपले माणूसबळ हीच आपली संपत्ती, असे ज्यांच्या वार्षिक अहवालांत छापलेले असते, त्यांना तर मुळीच नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर शिक्षणसंस्थांना बरेच करता येण्याजोगे आहे. महाविद्यालयांच्या आवारात मुलाखतींसाठी येणाऱ्या कंपन्यांचे स्वागत फुलांच्या गुच्छांनी होते, आणि किती मुलांना ‘पत्रे’ मिळाली याचे फलक दाराशी लागतात. त्यांपैकी किती मुले प्रत्यक्षात रुजू झाली, किती महिन्यांनी, कोणत्या पगारावर, याची नोंद किती संस्था ठेवतात? ती ठेवावी, आणि पुढच्या तुकडीच्या मुलांना दाखवावी. ज्या कंपनीने गेल्या वर्षी शब्द मोडला, तिला यंदा तसे स्पष्ट विचारावे. एकट्या मुलाला ज्याचे भय वाटते, ते विचारणे संस्थेला कठीण नाही. विद्यार्थ्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे की, तोंडी शब्द कितीही गोड असला तरी हाती पत्र पडल्याखेरीज असलेली नोकरी सोडू नये. हा उपदेश करताना थोडी शरम वाटते, हे कबूल केले पाहिजे. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, असे शिक्षकाने विद्यार्थ्याला सांगावे, अशी वेळ ज्या व्यवहाराने आणली त्याने आपण काय गमावले याचा हिशेब कधीतरी मांडावा.

तो मुलगा सध्या बार्शीला एका शिकवणी वर्गात गणित शिकवतो आणि नवे अर्ज भरतो. त्याने रात्री जागून केलेला आराखडा त्या कंपनीच्या संगणकात कोठेतरी पडून असेल, किंवा कोणी वापरलाही असेल; त्याला ते कधी कळणार नाही. पतसंस्थेत ज्यांनी पेढे खाल्ले ते अधूनमधून विचारतात, आणि वडील “होईल, होईल” असे म्हणून खातेवहीत मान घालतात. त्यांच्यावर ही पाळी नकारामुळे आलेली नाही. वेळेवर नकार मिळाला असता तर मुलगा आज सोलापुरातल्या आपल्या जुन्या टेबलाशी बसला असता. दोन ओळी लिहिण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, एवढेच घडले. नोकरी देणे न देणे हे मालकाच्या मर्जीवर राहो. उत्तर देणे मात्र त्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही.